सोळा तारखेची पोच

नगरपालिकेच्या तिसऱ्या मजल्यावर जिना संपला की डाव्या हाताला एक खिडकी लागते. त्या खिडकीत एकतीस वर्षं बसलेल्या बाईंचं खरं नाव पगारपत्रकावर होतं आणि बहुधा तिथेच राहिलं. बाकी सगळ्या गावाला त्या पोचताई. कुणीही कसलाही कागद घेऊन आलं की त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं, "दुसरी प्रत आणलीय ना? पोच घेऊन जा." समोरचा "असू दे हो, काय करायचीय पोच" असं म्हणाला, की त्या चष्म्याच्या वरून अशा काही बघायच्या की तो मुकाट्याने खाली जाऊन झेरॉक्स काढून आणायचा. कागद दिला आणि पोच घेतली नाही, म्हणजे कागद दिलाच नाही, असं त्यांचं ठाम मत होतं.

आता पोच म्हणजे कागद मिळाल्याची खूण, आणि पोच म्हणजे कुठे काय बोलावं, कसं वागावं याची समजही. कचेरीच्या खिडकीत पहिली मिळवता मिळवता माणसाची दमछाक होते, दुसरीची तर कुणी अपेक्षाच ठेवत नाही. पोचताईंकडे दोन्ही मिळायच्या. फक्त दुसरी जरा ओरडून मिळायची.

खिडकी सांस्कृतिक विभागाची. गावातल्या आणि आसपासच्या कलांसाठी नगरपालिका दरवर्षी अनुदान देते, त्याचे अर्ज इथे यायचे. नाटकवाले यायचे, समूहगान करणाऱ्या बायका यायच्या, मुलांना मातीकाम शिकवणारे एक पेन्शनर यायचे. हजार माणसांपुढे बेधडक उभी राहणारी ही मंडळी आठ पानी अर्जापुढे मात्र गर्भगळीत व्हायची. 'कलाप्रकार' या रकान्यात एका नटाने 'उत्तम' असं लिहिलं होतं. 'लाभार्थ्यांची संख्या' या रकान्यात समूहगानवाल्या बायकांनी लिहिलं होतं, 'पाऊस नसेल तर दोनशे.' दुसऱ्या एखाद्या खिडकीतून हे अर्ज तसेच आत गेले असते आणि बाद होऊन तसेच बाहेर आले असते. पोचताई आवक-जावक कारकून. आलेल्या कागदावर शिक्का मारायचा, रजिस्टरात चढवायचा, जाणारा कागद पाठवायचा, एवढंच त्यांचं काम. अर्ज वाचणं त्यात बसत नव्हतं. पण त्या वाचायच्या. पहिल्या पानापासून शेवटच्या टिपेपर्यंत, रांगेतल्या बाकीच्यांचे सुस्कारे ऐकत, बोट फिरवत वाचायच्या.

"इथे सही राहिलीय. इथे खाडाखोड झालीय, बाजूला लहान सही करा. आणि हे 'उत्तम' आधी खोडा. तुम्ही उत्तम आहात की नाही ते समिती बघेल."

त्या स्वतः कधी दोन ओळी सुरात गायल्या नाहीत. पण गावात कुठेही पडदा वर गेला, की याच्या मुळाशी कुठेतरी आपला शिक्का आहे, असं त्यांना मनातल्या मनात वाटायचं. आणि ते अगदी खरं होतं.

हा शिक्का त्यांचा जीव की प्राण. लाकडी मुठीचा, मधे तारखेच्या रबरी पट्ट्या असलेला. पट्ट्या इतक्या बारीक की टोपणाच्या टोकाने फिरवाव्या लागायच्या. सगळे कारकून सकाळी आल्यावर तारीख बदलतात. पोचताई संध्याकाळी बदलायच्या. निघताना शिक्क्याची तारीख उद्याची करायची, कोऱ्या कागदावर एक ठसा उमटवून बघायचा, शाईच्या पॅडचं झाकण लावायचं आणि मगच पर्स उचलायची. सकाळी दार उघडल्या उघडल्या पहिल्या माणसाला ताटकळत ठेवायला नको, हा त्यामागचा विचार. एकतीस वर्षांत ही पद्धत एकदाही त्यांच्या अंगाशी आली नव्हती.

घरी या नोकरीचं कौतुक तर विचारूच नका. पोचताईंचे वडीलही याच नगरपालिकेत, आवक-जावकलाच होते. आता शहाऐंशीला टेकलेले, लेक-जावयाकडे राहणारे, कानाने तिखट आणि डोळ्याने अधू. बैठकीच्या खोलीत दाराच्या समोरच त्यांचं प्रमाणपत्र लटकलेलं होतं, 'निष्कलंक सेवा'. सेवापुस्तकात एकही वाईट शेरा नसलेल्या माणसालाच ते निवृत्तीच्या दिवशी मिळतं. अख्ख्या नगरपालिकेत अशी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. पोचताईंना निवृत्त व्हायला तीन-साडेतीन महिने उरले होते, आणि त्यांच्या नवऱ्याला तेवढाही धीर नव्हता. त्याचं घराखालीच फोटो फ्रेम करायचं दुकान. त्याने सासऱ्यांच्या प्रमाणपत्राचं माप घेऊन तसलीच फ्रेम कापून ठेवली होती आणि शेजारी खिळाही ठोकून मोकळा झाला होता.

"अहो, अजून मिळायचंय," पोचताई म्हणाल्या.

"मिळायचंय काय? तुला नाही तर काय मला मिळणार? माझी उधारीची वही बघितली तर मला दुकानातूनच निलंबित करतील."

वडील खुर्चीतून फक्त खिळ्याकडे बघायचे. त्यांना तो दिसत नसावा, पण तो तिथे आहे हे पक्कं माहीत होतं.

आता बँडमास्तरांकडे वळू. ते बस डेपोत फिटर. डेपोतल्याच चौदा-पंधरा जणांना घेऊन त्यांनी बँड उभा केला होता, त्यालाही सव्वीस वर्षं झाली होती. ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, क्लॅरिनेट, दोन ढोल, आणि एक अवाढव्य भोंगा, जो वाजवणारा दिसतच नाही, नुसते पाय दिसतात. दर रविवारी संध्याकाळी बागेतल्या गोल चौथऱ्यावर हे सगळे इस्त्रीचे कपडे घालून वाजवायचे. वाद्यांना पोचे आले की मास्तर बसचा मडगार्ड ठोकतात त्याच हातोडीने ठोकून सरळ करायचे, त्यामुळे ट्रॉम्बोनच्या एका सुराला आयुष्यभराचा कफ झाला होता. अर्जात कलाप्रकाराच्या रकान्यात मास्तरांनी 'पितळी' असं लिहिलं होतं. पोचताईंनी ते खोडायला लावलं, पण हसू दाबायला त्यांना रजिस्टरात तोंड घालावं लागलं.

आदल्या वर्षी बँडचा अर्ज बाद झाला होता, कारण आयत्या वेळी जोडलेल्या सभासदांच्या यादीवर सह्या नव्हत्या. त्या आठवड्यात पोचताई रजेवर होत्या, हे त्यांच्या मनाला लागून राहिलं होतं. आणि नियम असा, की लागोपाठ दोन वर्षं अनुदान मिळालं नाही तर संस्थेचं नाव मान्यतेच्या यादीतून जातं. नाव गेलं की सरावाला मिळालेली शाळेची खोली जाते, बागेतला चौथराही जातो. म्हणजे यंदाचा अर्ज चुकला असता तर बँड संपला असता. दोन्ही ढोल, तो भोंगा, आणि सव्वीस वर्षांचे रविवार, सगळं डेपोच्या भंगारात.

अर्जाची शेवटची तारीख होती पंधरा. त्या दिवशी पोचताई सकाळपासून गडबडीत होत्या. दुसऱ्या दिवशी वडिलांना डोळ्यांच्या तपासणीला न्यायचं म्हणून त्यांनी रजा टाकली होती, आणि खिडकीवर शिपाईमामांना बसवायचं ठरलं होतं. मामा मनाने सोन्यासारखे, पण शिक्क्याच्या त्या बारीक पट्ट्या त्यांच्या जाड बोटांना काही फिरायच्या नाहीत. म्हणून पाच वाजायला दहा कमी असताना पोचताईंनी तारीख सोळा करून ठेवली, रजिस्टरात दिवसअखेरची लाल रेघ ओढली, पॅडचं झाकण लावलं आणि मामांना सगळं समजावून सांगितलं.

तेवढ्यात जिन्यावरून धपाधपा पावलं वाजली आणि मास्तर खिडकीत येऊन थडकले. डेपोच्याच कपड्यांत होते. हातांना काळं ग्रीस.

"ताई, बंद झालं का हो?"

"पाच वाजलेत का? मग? आणि आधी ते हात पुसा, मास्तर. तुमचा अर्ज आहे की बसचा एक्सल?"

त्यांनी स्वतःचं फडकं दिलं. अर्ज नेहमीप्रमाणे पानन् पान वाचला. सह्या होत्या, यादी होती, सगळं चोख होतं. मग झाकण उघडलं, ठकठक दोन शिक्के मारले, लहान सही केली, लाल रेघेच्या खाली नोंद केली आणि प्रत खिडकीतून सरकवली. "घ्या पोच. आणि यंदा झोपा निवांत." मास्तरांनी ती घडी करून खिशात घातली. त्यांनी तारीख बघितली नाही. पोचताईंच्या पोचेवरची तारीख बघायची पद्धतच गावात नव्हती.

महिन्याभराने बाद अर्जांची यादी खिडकीत आली. अर्जदारांना पत्रं पाठवायचं काम पोचताईंचंच. त्या एकेक लिफाफा भरत होत्या, आणि सातव्या पत्रावर हात थांबला. बँडचं पत्र होतं. कारण एका ओळीत, 'अर्ज मुदतीनंतर प्राप्त.'

"काय हे मास्तर!" त्या एकट्याच पुटपुटल्या. "एक दिवस आधी यायला काय झालं होतं?" त्यांना खरोखरच राग आला. मास्तर कधी आले होते हे त्यांना त्या क्षणी आठवेना, पण रजिस्टरात नोंद पंधराच्या लाल रेघेखाली होती, म्हणजे सोळाची, आणि अर्जावरही सोळा होती. आपलाच शिक्का असल्यावर त्यात शंका घ्यायचा प्रश्नच नव्हता. त्यांनी लिफाफा चिकटवला आणि पाठवून दिला. हे पुढे त्यांना फार बोचलं.

तीन दिवसांनी मास्तर आले. या वेळी हात कोपरापर्यंत स्वच्छ धुतलेले होते. भांडायला आलेला माणूस ताठ उभा राहतो, हे तर खिडकीच्या कडेला चिकटून उभे होते.

"ताई, एक विचारायचं होतं. खोली लगेच रिकामी करावी लागेल का? भोंगा ठेवायला कुणाच्याच घरी जागा नाही. महिनाभर मिळाला तर बघतो काहीतरी."

पोचताई तडकल्या. "एक दिवस, मास्तर! एका दिवसाने घालवलंत सगळं!"

"हो ना." मास्तरांनी खिशातून पोच काढली आणि उलगडून खिडकीत ठेवली. कोपऱ्यावर त्यांच्या अंगठ्याचा काळा ठसा होता. "मला आपलं वाटत होतं, मी पंधरालाच आलो. डेपोत अर्धा दिवस रजा टाकली होती, ती पंधराची. आमचा ट्रॉम्बोनवालाही म्हणतो पंधरालाच गेलात. पण मी त्याला म्हटलं, पोचताईंचा शिक्का सोळाचा आहे. तो चुकणार नाही. मीच चुकलो असणार. वय झालं, दुसरं काय."

पोचताईंनी पोचेकडे बघितलं. सोळाचा शिक्का. त्याखाली त्यांची लहान सही. काळा अंगठा. ग्रीस. आपलं फडकं, ज्याचे डाग दोनदा धुऊनही निघाले नव्हते. आणि मग त्यांना आठवलं. सोळा तारखेला त्या खिडकीत नव्हत्याच. सोळा तारखेला त्या डोळ्यांच्या दवाखान्यात, वडिलांच्या शेजारी बाकावर बसल्या होत्या.

"मास्तर," त्या कशाबशा म्हणाल्या, "ही पोच माझ्याकडे ठेवू?"

"ठेवा की. मला आता काय उपयोग?"

"तसं नाही. थांबा." त्यांनी कागद घेतला, आणि पोच घेतल्याबद्दल मास्तरांना एका चिठ्ठीवर पोच लिहून दिली. सवय ती सवय.

मास्तर गेल्यावर त्यांनी हजेरीपट काढून बघितला. सोळा तारखेपुढे त्यांच्या नावावर 'रजा' असं निळ्या शाईत स्वच्छ लिहिलेलं होतं. शंकेला जागा उरली नाही. चूक दुसऱ्या कुणाची असती तर पोचताईंनी मजला डोक्यावर घेतला असता. आता त्या अर्धा तास नुसत्या बसून राहिल्या. मामांनी चहा आणून ठेवला, त्यावर साय धरली.

त्यांच्या डोळ्यांपुढे तो खिळा येत होता. हे उगाच लपवण्यात अर्थ नाही. माणूस कितीही सरळ असला तरी एकतीस वर्षांच्या शेवटी, दोन महिने उरलेले असताना, आपल्या हाताने आपल्या नावाला काळं फासायचं म्हणजे जड जाणारच. कुणाला काही कळलं नव्हतं. ज्याचं नुकसान झालं तोच म्हणत होता, मी चुकलो. गप्प राहायला फार काही करावं लागणार नव्हतं.

पण 'तो चुकणार नाही' हे मास्तरांचं वाक्य त्यांच्या कानातून जाईना. उलटून बोलले असते, शिव्या दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं. एका माणसाने स्वतःच्या आठवणीपेक्षा, स्वतःच्या रजेच्या कागदापेक्षा त्यांच्या शिक्क्यावर जास्त विश्वास ठेवला होता. त्या उठल्या, पोच आणि हजेरीपट घेतला आणि मॅडमच्या केबिनमध्ये गेल्या.

विभागाच्या मॅडम वयाने त्यांच्या मुलीसारख्या, आणि मनाने चांगल्या. त्यांनी सगळं ऐकलं, दोन्ही कागद शेजारी ठेवून बघितले आणि डोक्याला हात लावला.

"ताई, हे लेखी दिलंत तर तुमच्या सेवापुस्तकात शेरा येईल. मला तो टाकावाच लागेल. मग ते प्रमाणपत्र..."

"माहीत आहे."

"दोन महिने राहिलेत हो तुमचे." मॅडम जरा पुढे झुकल्या. "असं करू या का? सोळाला खिडकीवर मामा बसणार होते. शिक्का फिरवताना त्यांच्याकडून चूक झाली, असं दाखवता येईल. मामांना काही होणार नाही, फार तर मी तोंडी समज देईन. बँडचं काम होऊन जाईल आणि तुमचं..."

"मॅडम," पोचताईंचा आवाज बाहेर मामांपर्यंत गेला, "मामांना ती पट्टी फिरवता येत नाही म्हणून तर मी ती फिरवून ठेवली. ज्या माणसाला चूक करताच येत नाही, त्याच्या नावावर ती कशी घालायची?"

मॅडमना हसावं की रडावं कळेना. त्यांनी कोरा कागद पुढे केला.

पोचताईंनी तिथेच उभ्याने लिहिलं. फार मोठं नव्हतं. 'सदर अर्ज पंधरा तारखेला, कार्यालयीन वेळेत, मी स्वतः स्वीकारला. तारखेचा शिक्का मी आधीच पुढच्या दिवसाचा करून ठेवला होता व तो न तपासता मारला. सोळा तारखेस मी रजेवर होते, हजेरीपट सोबत जोडला आहे. चूक सर्वस्वी माझी आहे. अर्जदाराची नाही. मामांचीही नाही.' शेवटचं वाक्य कार्यालयीन भाषेत बसत नव्हतं, मॅडमनी ते तसंच राहू दिलं. मग पोचताई म्हणाल्या, "दुसरी प्रत आहे. पोच द्या."

समितीची बैठक पुढच्या आठवड्यात झाली. पोचताईंना बोलावणं आलं. लांब टेबलापलीकडे सात माणसं बसली होती, आणि त्यांच्यातला एक सदस्य जरा खवचट होता. "एकतीस वर्षांत अशा किती चुका झाल्या असतील, कोण जाणे," तो म्हणाला.

"माझी सगळी रजिस्टरं रेकॉर्ड रूममध्ये आहेत," पोचताई म्हणाल्या. "तपासा. मलाही कळेल."

त्याने रजिस्टरं मागवली नाहीत. हजेरीपट आणि शिक्का समोरासमोर होते, त्यात वाद घालण्यासारखं काही नव्हतं. अर्ज मुदतीत धरला गेला, वाचला गेला, आणि बँडला अनुदान मंजूर झालं. खोली राहिली, चौथरा राहिला. मंजुरीचं पत्र पोचताईंनी पाठवलं नाही, मास्तरांना बोलावून हातात दिलं. मास्तरांनी ते चारदा वाचलं. मग म्हणाले, "म्हणजे ताई, मी पंधरालाच आलो होतो?"

"पंधरालाच."

"बघा!" मास्तर एवढे खूश झाले की अनुदानापेक्षा आपलं डोकं शाबूत असल्याचाच त्यांना जास्त आनंद झाला असावा. मग एकदम त्यांचा चेहरा पडला, कारण ताईंचं प्रमाणपत्र गेलं, एवढं मामांनी त्यांना जिन्यातच सांगितलं होतं, आणि ते का गेलं हे आता कळलं. "ट्रॉम्बोन आता चांगल्या कारागिराकडे देणार," एवढंच ते बोलले. "हातोडी नाही लावणार. शप्पथ."

निवृत्तीच्या आदल्या आठवड्यात ताकीदपत्र निघालं. आता गंमत बघा, विभागातून कुठलंही पत्र निघालं की ते जावक रजिस्टरात चढवायचं काम पोचताईंचं. त्यांनी स्वतःच्या ताकीदपत्राला जावक क्रमांक दिला, लिफाफ्यावर स्वतःचं नाव लिहिलं, आणि लिफाफा स्वतःलाच दिला. कचेरीत राहणाऱ्या स्थळप्रतीवर 'मिळाले' असं लिहून सही केली. तारीख घालण्यापूर्वी शिक्का उचलून पट्टी बघितली. अलीकडे त्या शिक्का सकाळीच बदलायच्या. मामा दाराआडून बघत होते, ते डोळे पुसायला लागले. "मामा, रडायचं असेल तर जिन्यात जा, रजिस्टर भिजेल," पोचताई म्हणाल्या आणि त्यांनी रजिस्टर मिटलं.

संध्याकाळी घरी आल्या तेव्हा नवरा दुकान मामेभावावर सोपवून वर येऊन बसला होता. त्याला सगळं ठाऊक होतं. वडिलांना काहीच ठाऊक नव्हतं. इतके दिवस पोचताईंनी त्यांना सांगायचं टाळलं होतं. समितीपुढे न घाबरलेली बाई या एका खुर्चीतल्या म्हाताऱ्याला घाबरत होती.

त्यांनी लिफाफा वडिलांच्या हातात दिला. "बाबा, यंदा त्या खिळ्याला काही मिळायचं नाही. हे मिळालंय."

वडिलांनी भिंग काढलं. आधी जावक क्रमांक बघितला, मग तारीख, मग सही कुणाची आहे ते बघितलं. मग मजकूर. एकेक ओळ, पोचताई अर्ज वाचायच्या तशीच, बोट फिरवत. नवऱ्याने दोनदा घसा खाकरला.

"भाषा बरी आहे," वडील शेवटी म्हणाले. "'निष्काळजीपणा' लिहिलंय, तिथे 'अनवधान' जास्त बरोबर झालं असतं. ही चूक तू कबूल केलीस, की सापडली?"

"मीच सांगितली."

"कुणाला कळली असती?"

"नाही."

वडिलांनी पत्र मांडीवर ठेवलं. मग भिंग तसंच हातात धरून समोरच्या भिंतीकडे बघत बोलायला लागले. "एक बाई होत्या. गाणं शिकवायच्या. शाळेची खोली मिळावी म्हणून त्यांनी अर्ज केला होता. माझ्या कपाटामागे पडला. मुदत संपून चार दिवस झाल्यावर सापडला. मी त्यावर सापडला त्या दिवसाचा शिक्का मारला."

पोचताई त्यांच्याकडे बघत राहिल्या. "मग?"

"मग काय? त्यांना बाद झाल्याचं पत्र गेलं. मीच पाठवलं. त्या पुन्हा आल्या नाहीत. त्यांचं गाणं कसं होतं, ते मला कधीच कळलं नाही." त्यांनी हात उचलून आपल्या प्रमाणपत्राकडे बोट दाखवलं. "आणि मला हे मिळालं."

नवऱ्याचा हात नकळत खिशातल्या मोजपट्टीकडे गेला, कारण माणूस गहिवरला की आपापल्या धंद्याकडे वळतो.

"हा बँड कुठे वाजतो?" वडिलांनी विचारलं.

"बागेत. रविवारी."

"मला घेऊन जा. डोळ्यांनी दिसलं नाही तरी ऐकू येतं मला." मग जावयाकडे वळून म्हणाले, "तुमची ती फ्रेम आहे ना, तिची काच काढा. हे पत्र त्यात घाला. बसेल का?"

"ताकीदपत्र लांबट आहे, बाबा," जावई म्हणाला. "पण बसवतो. नवीन कापतो. आत्ता कापतो."

"थांबा. काचेखाली जाण्याआधी मला पेन द्या."

पोचताईंनी पर्समधून पेन काढून दिलं. वडिलांनी पत्र खुर्चीच्या हातावर ठेवलं आणि भिंग लावून खालचा डावा कोपरा शोधला, जिथे पोच देतात तो. अक्षर अजून कचेरीचंच होतं. 'मिळाले.' थोडं थांबून, 'वाचले.' चाळीस वर्षांच्या नोकरीत पोचेवर यापलीकडे त्यांनी कधी काही लिहिलं नव्हतं. पेन कागदावर टेकूनच राहिलं, मग पुढे सरकलं आणि त्यांनी आणखी दोन शब्द लिहिले, 'अभिमान वाटला.' खाली पूर्ण सही केली.

पोचताईंच्या डोळ्यांपुढे अक्षरं धूसर झाली. एकतीस वर्षं त्यांनी गावाला पोच दिली होती, आणि आपल्यालाही कधी अशी मिळावी असं त्यांना किती वाटत होतं, ते त्यांना त्या क्षणी कळलं.

"आज तारीख काय?" वडिलांनी पेन तयार धरून विचारलं.

पोचताईंनी डोळे पुसले. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं, मग नवऱ्याच्या मोबाईलमध्ये बघितलं, आणि मगच सांगितली.